समाधानी असल्यास एक दाबा

डॉक्टर बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाले, "गेल्या."

टाइमकीपरांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा चाळीस. त्यात निर्दयपणा काही नव्हता. बस डेपोत चाळीस वर्षं त्यांनी एवढंच काम केलं होतं. गाडी गेली की घड्याळ बघायचं आणि वहीत लिहायचं. 'गेली' हा शब्द कानावर पडला की मान आपोआप वर व्हायची. पण डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि डॉक्टरांनी पाहिलं हे टाइमकीपरांनी पाहिलं, आणि त्यांना लाज वाटली. माणसाला नको त्या वेळी नको त्या गोष्टीची लाज वाटते, हा काही नवा शोध नाही.

त्यांच्या काखेत बायकोची पर्स होती. आत नेताना तिने ती त्यांच्याकडे दिली होती आणि "चेन नीट लावा, नाहीतर सगळं सांडेल" असं बजावलं होतं. तेच शेवटचं बोलणं. अकरा बेचाळीसला पर्समधला फोन वाजला. वाजणारा फोन उचलायचा असतो, म्हणून त्यांनी उचलला. पलीकडून एक प्रसन्न बाई बोलू लागली. रेकॉर्ड केलेली.

"नमस्कार. पायऱ्यांना कठडा बसवण्याबाबतची आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी असल्यास एक दाबा. समाधानी नसल्यास दोन दाबा. पुन्हा ऐकण्यासाठी तीन दाबा."

टाइमकीपरांनी एक दाबला.

का दाबला, हे पुढे त्यांना पुष्कळ जणांनी विचारलं. खरं उत्तर असं की चष्मा कपाळावर होता, समोर डॉक्टर सहीचा कागद धरून उभे होते, आणि त्या बाईला गप्प करणं भाग होतं. शिवाय ज्याने उभा जन्म सरकारी नोकरीत काढला त्याला अधिकृत आवाजात कुणी काही दाबायला सांगितलं की तो दाबतो. आणि एक हा पहिला आकडा असतो.

"आपल्या समाधानाबद्दल पालिका आभारी आहे," असं म्हणून बाई गप्प झाली.

आता त्या पायऱ्यांविषयी. टाइमकीपरांची गल्ली वर आहे आणि मोठा रस्ता खाली. मधे अकरा पायऱ्या. एका बाजूला कुणाच्या तरी गोदामाची गुळगुळीत भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. धरायला काही म्हणजे काही नाही. बायकोचे गुडघे कामातून गेल्यापासून ती टाइमकीपरांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून उतरायची. ते एक पायरी पुढे, ती एक मागे. अकरा पायऱ्यांना चार मिनिटं. एकदा चौथ्या पायरीवर थांबून ती म्हणाली, "अहो, तुमचा खांदा काय मला जन्माला पुरणार आहे? उद्या तुम्ही आधी गेलात तर मी काय घरात बसून राहू? इथे कठडा पाहिजे."

कोण आधी जाणार याचा तिचा अंदाज चुकला. बाकी मुद्दा बरोबर होता.

तिने तक्रार नोंदवली त्याला तीन वर्षं झाली होती. एका शाळकरी वहीवर तिने 'पाठपुरावा' असं लिहिलं होतं. दर सोमवारी दहाला ती पालिकेला फोन लावायची आणि वहीत टिपायची. टाइमकीपरांना यातलं वरवर ठाऊक होतं. घरात दोन माणसं असली की एकाने भांडायचं आणि दुसऱ्याने "जाऊ दे ना" म्हणायचं, अशी वाटणी असते. त्यांच्याकडे 'जाऊ दे ना' खातं होतं.

आलेगेले परतले, लेक आपल्या गावी गेली, आणि एका सकाळी टाइमकीपरांनी ती वही उघडली. मागच्या पानावर एक यादी होती.

'१. कठडा झाला म्हणून फोन आला. जाऊन पाहिलं. नाही झाला. दोन दाबलं.'

'२. परत तोच फोन. परत जाऊन पाहिलं. दोन दाबलं.'

अशा सहा नोंदी. सहाव्या नोंदीत नुसतं 'दोन' एवढंच होतं. त्याखाली तिने सात ते वीस आकडे आधीच घालून ठेवले होते. पालिकेवर तिचा तेवढा विश्वास होता.

सातच्या पुढे जागा रिकामी होती. टाइमकीपर त्या जागेकडे बराच वेळ बघत बसले. तीन वर्षं बाई दोन दाबत आली, आणि नवऱ्याने एका अंगठ्यात तिला समाधानी करून टाकलं. लग्नाच्या छत्तीस वर्षांत जे त्यांना कधी जमलं नाही ते पालिकेने त्यांच्या हातून करून घेतलं. त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, '७. एक दाबलं. माझ्या हातून.' मग चप्पल घातली. कठडा होवो न होवो, तिच्या नावावरचं ते समाधान आधी उतरवायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

जिन्यात अर्धे वकील भेटले. हे वरच्या मजल्यावरचे शेजारी. कायद्याचं पहिलं वर्ष त्यांनी दोनदा केलं होतं आणि मग विमा विकला. पण तेव्हापासून गल्लीत कुणाचाही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. आणि नजरेखालून गेला की सहसा तो पुढे जातच नसे.

"कुठे निघालात?"

टाइमकीपरांनी सांगितलं.

"एक दाबलात?" अर्धे वकील जिन्याच्या पायरीवर खालीच बसले. "अहो, ही कबुली झाली. कायद्याच्या भाषेत तुम्ही त्यांच्या वतीने पावती दिलीत."

तळमजल्याच्या दारातून नर्सबाई ओरडल्या, "त्यांना जाऊ द्या हो! माणसाचं डोकं ठिकाणावर नसताना दाबलेलं धरत नाहीत." नर्सबाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. त्यांच्या हातात काठी होती, पण ती चालायला कमी आणि बोलायला जास्त लागायची. "टाइमकीपर, जाताना डबा न्या. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

"निरोप द्यायचा आहे नुसता. तासाभरात येतो," टाइमकीपर म्हणाले.

हे तासाभराचं काम सात महिने झाले तरी चालूच आहे.

वॉर्ड ऑफिसला चढायला पाच पायऱ्या होत्या आणि त्यांना लोखंडी कठडा होता. टाइमकीपरांनी तो धरला. टोकाला शोभेचा गोळा असायला हवा होता तो गायब होता, आणि त्या भोकात कुणीतरी वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता. तरी हाताला आधार चांगला वाटला. असाच कठडा ती मागत होती, याहून जास्त काही नाही, असं त्यांच्या मनात आलं.

खिडकी क्रमांक चार, तक्रार निवारण. आत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "तक्रारदार कोण?"

"माझी बायको."

"मग त्यांना पाठवा. तक्रार ज्याची, त्यानेच यायचं असतं."

"तिला येता येणार नाही."

"आजारी आहेत?"

"नाही. आता नाही."

"मग झालं तर. सवडीने येऊ देत. आमची काही घाई नाही."

"बाई, ती वारली."

बाईंचा हात थांबला. त्यांना वाईट वाटलं, हे दिसलं. माणूस म्हणून पाच-सहा सेकंद वाटलं. मग त्या परत खिडकी क्रमांक चार झाल्या. "मग तक्रार संपलीच ना, काका. तक्रारदारच नाही म्हटल्यावर तक्रार कुणाची?"

"पायऱ्या आहेत ना अजून."

"पायऱ्या तक्रार करत नाहीत."

मागे उभ्या असलेल्या माणसाने घसा खाकरला. आपल्या दुःखाने रांग अडली आहे हे कळल्यावर माणसाचं दुःख लहान होतं. टाइमकीपर बाजूला होणार तेवढ्यात बाईंना दया आली. आणि ऑफिसातली दया ही फॉर्मच्या रूपाने येते.

"असं करा, वारस लावून घ्या."

"कशाला?"

"तक्रारीला. वारस लागला की तुम्ही तक्रारदार. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, आणि इतर वारस असतील तर त्यांचं ना-हरकत पत्र."

घराला वारस लागतो, दागिन्याला लागतो, हे टाइमकीपरांना माहीत होतं. गाऱ्हाण्याला लागतो हे नव्हतं. फॉर्म घराच्या वारसाचाच होता. 'मिळकतीचे स्वरूप' या रकान्यात बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, 'तक्रार, एक नग.' 'मिळकतीची सद्यस्थिती' या रकान्यात लिहिलं, 'निकाली.'

संध्याकाळी लेकीला फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, माझी हरकत आहे."

"अगं, थट्टा नको करूस."

"थट्टा नाही. घर तुम्ही ठेवा, कपाट तुम्ही ठेवा. तक्रार मला द्या. तिचा स्वभाव माझ्याकडे आलाय, तुमच्याकडे नाही. तुम्ही आपले एक दाबणारे."

लेकीला बोलून गेल्यावर कळलं, आणि टाइमकीपरांना ऐकल्यावर.

"कागद पाठवते," ती हळूच म्हणाली. "जेवलात का?"

"हो," टाइमकीपर म्हणाले. तेही खोटंच होतं.

मृत्यूचा दाखला मिळायला तीन आठवडे लागले, कारण पहिल्या दाखल्यात बायकोच्या जागी टाइमकीपरांचं नाव पडलं होतं. दुरुस्तीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "काका, तुम्ही तरी बरे, स्वतः आलात. इतरांचे नातेवाईक येतात." तो विनोद करत होता. टाइमकीपरही हसले. ऑफिसात विनोदाला हसलं नाही तर काम लांबतं.

सगळे कागद घेऊन ते पुन्हा चार नंबरवर गेले. बाईंनी शिक्के मारले. "वारस लागला हं, काका. तक्रार तुमची."

"मग ते समाधानी काढून टाका. चुकून दाबलं गेलं होतं."

बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कीबोर्डवर काहीबाही दाबलं. "तशी सोय नाही. असमाधानी माणूस नंतर समाधानी झाला तर तशी सोय आहे. समाधानी माणूस असमाधानी झाला तर नाही."

"का नाही?"

"आजवर कुणी झालंच नसेल," बाई म्हणाल्या, आणि त्या हे मनापासून म्हणाल्या. "आणि काका, कठडा तर झालाय. हा बघा पुराव्याचा फोटो."

त्यांनी स्क्रीन फिरवला. फोटोत खरोखरच कठडा होता. पायऱ्या होत्या, कठडा होता आणि खाली तारीख होती. टाइमकीपरांनी चष्मा पुसून पाहिलं. पायऱ्या ओळखीच्या वाटत होत्या, पण आपल्या वाटत नव्हत्या. गोदामाची भिंत कुठे दिसत नव्हती.

"ह्या आमच्या पायऱ्या नाहीत."

"सिस्टीममध्ये तुमच्याच आहेत."

हरलेल्या माणसाला जेवढा वाद घालता येतो तेवढा त्यांनी स्वतःशी घातला, कागद आवरले आणि बाहेर पडले. ऑफिसच्या पायऱ्या उतरताना सवयीने कठडा धरला. पाचव्या पायरीवर तळहात टोकाला पोचला आणि बोटांना वर्तमानपत्राचा बोळा लागला.

टाइमकीपर तिथेच थांबले. मग वळले, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच दोन-दोन पायऱ्या एकदम चढले.

"बाई! तो फोटो परत दाखवा. टोकाला बघा. गोळा नाही, आणि आत बोळा आहे. हा तुमच्या ऑफिसचा कठडा आहे! आत्ता धरून आलो मी!"

रांगेतले चार लोक वाकून बघू लागले. बाईंनीही बघितलं. बोळा स्पष्ट दिसत होता. बाई उठल्या आणि त्यांना आतल्या खोलीत साहेबांकडे घेऊन गेल्या. साहेब म्हणजे कनिष्ठ अभियंता. वयाने लेकीएवढाच, पण टेबल मोठं होतं.

साहेबांनी फोटो पाहिला आणि जराही वरमले नाहीत. "हा नमुन्यादाखल आहे, काका. तुमच्याकडे असा बसेल, असं दाखवण्यासाठी."

"पण निकाली काढली ना तक्रार?"

"नमुना निश्चित झाला म्हणून." साहेबांनी चहा ढवळला. "तुमच्या मिसेसनी काय मागितलं होतं? कठडा. कठडा आहे का? आहे. तुम्ही स्वतः धरून आलात, असं आत्ता तुम्हीच म्हणालात. चांगला आहे ना?"

"चांगला आहे," टाइमकीपर म्हणाले. खोटं कसं बोलणार? आधार खरोखरच चांगला होता.

त्या दिवशी गल्लीत सभा भरली. म्हणजे अर्धे वकील जिन्यात उभे राहिले आणि नर्सबाईंनी दार उघडं ठेवलं.

"सार्वजनिक अर्ज करायचा," अर्धे वकील म्हणाले. "वीस सह्या. आणि त्यात एकच वाक्य असं घालायचं की खुर्ची हलली पाहिजे. वहिनी पायऱ्यांवरून पडून गेल्या."

"ती पडली नव्हती," टाइमकीपर म्हणाले. "हृदय बंद पडलं. रिपोर्ट आहे."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. पालिकेला कुठे माहीत? मेलेल्या माणसाच्या नावाने काम होत असेल तर माणसाचंही सार्थक होतं."

"तिच्या नावावर एक खोटं मी आधीच चढवलंय. दुसरं नको."

"अहो, व्यवहार बघा जरा!"

"काय मेला व्यवहार!" नर्सबाईंनी काठी आपटली. "जन्मभर मरणाचे कागद भरले मी. मरणाचं कारण म्हणजे काय खोलीचा रंग आहे, आवडेल तो निवडायला?"

टाइमकीपरांना बरं वाटलं. विषय संपला असं ते समजले. अर्धे वकील मात्र सह्या गोळा करत सुटले आणि अर्ज देऊनही आले. सदर पायऱ्यांनी एका सुशील गृहिणीचा बळी घेतला असून, वगैरे. ही बातमी टाइमकीपरांना कळली ती पालिकेच्या पत्रातून. तीन वर्षं ज्या पालिकेने बायकोला एक ओळ लिहिली नव्हती, तिचं हे पत्र चौथ्या दिवशी आलं. मृत्यू सदर पायऱ्यांमुळेच झाल्याचा वैद्यकीय अहवाल सात दिवसांत सादर करावा, अन्यथा खोटी माहिती दिल्याबद्दल वारसावर कारवाई करण्यात येईल. वारस म्हणजे टाइमकीपर. वारस लागल्याचा पालिकेने केलेला हा पहिला उपयोग.

ते पत्र घेऊन वर गेले. अर्ध्या वकिलांनी ते उलटसुलट वाचलं. "हं. दखल घेतली म्हणायची," ते म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

साहेबांसमोर टाइमकीपर पुन्हा बसले. ज्या माणसाने चाळीस वर्षांत एकही गाडी मिनिटभर मागेपुढे लिहिली नव्हती, त्याला कुणी खोटारडा म्हणावं याचा घाव मोठा होता. हॉस्पिटलचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला.

"साहेब, तो अर्ज मी केलेला नाही. माझी बायको पायऱ्यांमुळे गेली नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. "असं लिहून देता?"

"देतो."

"स्वखुशीने?"

"खरं आहे ते लिहायला खुशी कशाला लागते?"

त्यांनी तिथेच कागद मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझ्या पत्नीच्या मृत्यूस सदर पायऱ्या जबाबदार नाहीत.' खाली सही, तारीख आणि जुन्या सवयीने वेळ. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, पंच केला आणि फाईलला लावला. मग फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पायऱ्या सुरक्षित. वारसाचा लेखी जबाब सोबत.'

टाइमकीपर बघतच राहिले. आधी अंगठ्याने घात केला होता, आता अक्षराने केला. खोटं बोलले नाहीत म्हणून हे झालं, आणि खोटं बोलले असते तर कारवाई झाली असती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर धरायला कठडा नाही.

त्यांचा चेहरा बघून साहेबांनाही कसंसं झालं असावं. "काका, एक सांगू? ती जुनी तक्रार सोडा. स्वतःच्या नावाने नवी टाका. ज्येष्ठ नागरिक कोट्यात बसवतो. गुडघे दुखतात ना तुमचे?"

"नाही. ठणठणीत आहेत."

"मग कठडा कशाला हवाय?" साहेब वैतागले.

आता काय सांगणार? बायकोने मागितला होता म्हणून? ज्या खांद्यावर हात असायचा तो खांदा मोकळा झालाय आणि पायऱ्या उतरताना तोल जातो म्हणून? असला रकाना फॉर्मवर नव्हता.

"दुखतात," टाइमकीपर म्हणाले. "डावा जास्त."

आणि मग साहेब दारापर्यंत पोचवायला आले, त्यामुळे त्यांना खोलीतून, लांबलचक कॉरिडॉरमधून आणि पाचही पायऱ्यांवरून लंगडत जावं लागलं. चार नंबरच्या बाईंनी खिडकीतून हळहळत बघितलं. कोपरा ओलांडेपर्यंत सरळ चालायची त्यांची हिंमत झाली नाही. एका सचोटीच्या माणसाने भर दुपारी रस्त्यातून लंगडण्याचं नाटक करत जावं, आणि तेही नीट न जमता! मधेच पाय बदलला, तो एका पानवाल्याने पाहिला.

चमत्कार असा की दहाव्या दिवशी कामगार आले. दोघं होते, आणि एक ड्रिल मशीन. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी आवाज सुरू झाला तेव्हा टाइमकीपर वही घेऊन धावत गेले. अर्धे वकील गॅलरीत आले आणि "अर्जाचा परिणाम!" असं ओरडले. टाइमकीपरांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीमुळे आलं असं त्यांनी नर्सबाईंना सांगितलं. नर्सबाईंनी मान्य केलं.

धूळ बसल्यावर दिसलं ते असं. अकराही पायऱ्यांना एकेक भोक पाडलेलं होतं. दांडा जेमतेम बसेल एवढं, वीतभर खोल. आणि ते पायरीच्या बरोबर मधोमध.

"मधे का?" टाइमकीपरांनी विचारलं. "कठडा कडेला असतो ना?"

"एका कडेला गोदामवाल्याची भिंत. तिला हात लावायचा नाही," कामगार मशीन गुंडाळत म्हणाला. "दुसऱ्या कडेचं दीड फूट गटार खात्याचं. मग राहिलं काय? मधलं."

"आणि दांडे कधी बसणार?"

"ते आमच्याकडे नाही, आजोबा. आमच्याकडे भोकं."

"दांडे कुणाकडे?"

कामगाराने दुसऱ्या कामगाराकडे पाहिलं. दुसऱ्याने आकाशाकडे पाहिलं. ते दोघं गेले. नऊ बावन्न.

त्यानंतरचे महिने टाइमकीपरांच्या आयुष्यातले सर्वांत प्रसिद्धीचे होते. गल्लीत कुणाची टाच अडकली की त्यांचं नाव निघे. दूधवाल्याचा कॅन कलंडला, त्यांचं नाव निघालं. ज्या वीस जणांनी अर्जावर सह्या केल्या होत्या त्यांतले एकोणीस "चांगल्या पायऱ्यांची वाट लावली" असं म्हणू लागले, आणि विसाव्याने, म्हणजे अर्ध्या वकिलांनी, "मी आधीच सांगत होतो, तज्ज्ञ सल्ल्याशिवाय नवी तक्रार टाकू नका" असं सांगितलं. टाइमकीपर दर सोमवारी दहाला पालिकेला फोन लावत. वहीत टिपत. घरातलं 'जाऊ दे ना' खातं बंद झालं होतं. 'जाऊ दे ना' म्हणणाराच आता भांडत होता, आणि "असं नाही, अहो, जरा आवाज चढवून बोला" असं मागून सांगायला कुणी नव्हतं.

एका सकाळी तिसऱ्या पायरीच्या भोकात नर्सबाईंची काठी गेली ती आतच राहिली. नर्सबाई काठीशिवाय पायरीवर उभ्या, खाली आठ पायऱ्या, आणि हाताला हवा.

"टाइमकीपर!" त्यांनी हाक मारली. "या इकडे. तुमच्या भोकाने माझी काठी खाल्ली. पूर्वी निदान चालता तरी येत होतं हो! बघताय काय? पुढे व्हा."

टाइमकीपर पुढे झाले. एक पायरी खाली उभे राहिले. नर्सबाईंनी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, आणि जरा चुकीच्या जागी होता. बायको मानेजवळ धरायची. नर्सबाईंनी कडेला धरलं. दोघं भोकं चुकवत उतरली.

"हलताय तुम्ही," नर्सबाई म्हणाल्या.

"नाही."

"जन्मभर नाड्या पाहिल्यात मी. हलताय." मग खाली पोचल्यावर खांदा न सोडता म्हणाल्या, "उद्या आठ वाजून दहा मिनिटांनी निघते मी. वेळेवर या."

तेव्हापासून ते रोज आठ-दहाला तिसऱ्या पायरीपाशी हजर असतात. उतरायला पाच मिनिटं लागतात, कारण बाई मधे बोलायला थांबतात. काठी अजून भोकातच आहे. तिच्यावर गल्लीतलं कुणीतरी लाल फडकं बांधलंय, धोका कळावा म्हणून. मधोमध एक उभा दांडा, असं म्हटलं तर कामाला सुरुवात झालेली आहे.

परवा गुरुवारी फोन वाजला. बायकोचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. तीच प्रसन्न बाई. "नमस्कार. पायऱ्यांना कठडा बसवण्याबाबतची आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी असल्यास एक दाबा..."

टाइमकीपरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. बाईला सगळं बोलू दिलं. मग तीन दाबून तेच पुन्हा ऐकलं. मग दोन दाबलं, नीट, नखाने, आणि दाबलं गेलं की नाही ते पाहिलं. "आपल्या अभिप्रायाची नोंद घेतली आहे," बाई म्हणाली. तिच्या आवाजात काही फरक पडला नाही.

त्यांनी वही काढली. आठच्या पुढे लिहिलं, 'दोन दाबलं.' वेळ घातली, अकरा चाळीस. योगायोग काही नाही, पालिकेचे फोन त्याच सुमाराला येतात.

दर महिन्याला ते चार नंबरच्या खिडकीवर एक चक्कर मारतात. बाई आता त्यांना बघून खुर्ची देतात. समाधान मागे घेण्याचा फॉर्म निघाला का, असं ते विचारतात. वर कळवलंय, असं बाई सांगतात. मग ते कठडा धरून खाली उतरतात.

पायऱ्यांना कठडा झालेला नाही. अकरा भोकं बुजवलेली नाहीत. आणि तिच्या नावापुढे अजून 'समाधानी' असंच आहे.